सॉपविथ कॅमलच्या तारा पावसात लोंबल्या! कोकणात बायप्लेन बांधावं की नाही?

कातळशिल्प (११ जुलै, रात्री १०:४२)

मंडळी, मदत हवी आहे.

मे महिन्यात, आंब्याची शेवटची पेटी गेल्यावर, सॉपविथ कॅमलचं, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या दुपंखी इंग्रजी लढाऊ विमानाचं, १/७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) प्लास्टिक मॉडेल बांधायला घेतलं. आधी स्पिटफायर, हरिकेन अशी एकपंखी पाच-सहा झाली होती, म्हटलं यात काय मोठंसं. दोन पंख एकमेकांवर सरळ बसवतानाच अर्धा जीव गेला, पण बसले. मग दोन पंखांमधल्या तिरक्या तारा. देवगडच्या बाजारातून मासे गरवायचा ०.२० चा तंगूस आणला. पंखाला सुईच्या अग्राने भोकं पाडली, तंगूस ओवला, ताणला, खालून फेविक्विकचा थेंब. नखाने वाजवला तर टण्ण!

काल शोकेस उघडली आणि बघतो तर काय, सगळ्या तारा वादळानंतरच्या विजेच्या तारांसारख्या लोंबतायत. वर शेपटीला पांढुरका थर. आधी बुरशी वाटली, पुसून जात नाही.

प्रश्न असे: तंगूस ढिला का पडला? दुसरं काय वापरावं? आणि हा पांढरा थर काय आहे?

माझं स्वतःचं मत आता असं झालंय की चार महिने भिंतींना ओल येणाऱ्या माणसाने पहिल्या महायुद्धाच्या वाटेला जाऊच नये.

जिलबीवाला (११ जुलै, रात्री १०:५०)

वायरमनला बोलवा. गणपतीच्या आधी येईल.

एकसबहात्तर (११ जुलै, रात्री ११:३१)

पांढऱ्या थराबद्दल उद्या लिहितो. आधी तारेच्या जाडीचं बोलू.

०.२० चा तंगूस म्हणजे ०.२० मिलिमीटर. गुणिले ७२. खऱ्या विमानावर ती तार १४.४ मिलिमीटर जाड झाली! तुम्ही कॅमलला होडीचा दोरखंड बांधला आहे. १/७२ मध्ये ०.१० च्या वर जाऊ नये, आणि तेही डोळ्याला जाडच वाटतं. कॅमलचा पंख २८ फुटांचा, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम ११८ मिलिमीटर. एवढ्याशा अंगावर दोरखंड फार दिसतो.

दुसरं, त्या काळच्या इंग्रजी विमानांच्या तारा गोल नव्हत्याच. चपट्या पोलादी पट्ट्या होत्या, वाऱ्याला कमी अडाव्यात म्हणून. छेद घेतला तर मसुराच्या डाळीसारखा. जर्मन विमानांना मात्र पिळाची गोल केबल आणि ती आवळायला टर्नबकल. म्हणून कॅमलला टर्नबकल लावून फोटो टाकणाऱ्यांना मी फार मनावर घेत नाही.

देवबागचो_रापणकार (१२ जुलै, सकाळी ६:१२)

अरे मेल्या, तंगूस ढिलो कित्याक पडता ह्या समजूक विमान कित्याक होया? तंगूस म्हणजे नायलॉन. नायलॉन पाणी पिता आणि लांबता. समुद्रात टाकूक नको, पावसातली हवा पुरे जाता. माझो आजो सांगायचो, पूर्वी सुती जाळी असत, ती ओली झाली की उलट आखडत. तेव्हा सुती दोरो लावशीत तर पावसात पंख वाकतलो, आणि ह्योच तंगूस ठेवशीत तर दिवाळीनंतर परत आवळतलो. बघ काय करूचा ता.

कातळशिल्प (१२ जुलै, सकाळी ७:०५)

@रापणकार, दंडवत! तीन वर्षं परदेशी फोरम चाळले आणि उत्तर देवबागेत मिळालं.

@एकसबहात्तर, दोरखंड म्हणालात ते लागलं. पण खरं आहे.

तेरेखोल (१२ जुलै, दुपारी १:२०)

एकतारीची पोलादी तार वापरा. आमच्या भजनी मंडळाच्या बुवांकडून मी बारीक तारेचा तुकडा मागून आणला होता. सरळ राहते, लोंबत नाही, दिसायला खरीखुरी.

निवृत्त_फिटर (१२ जुलै, दुपारी २:४४)

आणि खाऱ्या हवेत तिला गंज कधी चढतो? नौदलाच्या विमानांखाली आयुष्य काढलेला माणूस आहे, म्हणून विचारतो. समुद्रावरून आलेलं विमान आम्ही आधी गोड्या पाण्याने धूत असू, बाकीचं नंतर. किनाऱ्यावर उघडी पोलादी तार म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पंखावर तांबडे ओघळ.

तेरेखोल (१२ जुलै, दुपारी ३:०२)

ओघळ आलेत. कबूल. पण मी त्याला ‘वेदरिंग’ म्हणतो, मॉडेलवर मुद्दाम आणलेला जुनेपणा.

एकसबहात्तर (१२ जुलै, रात्री ९:१५)

तेरेखोल :)

आता उपाय. विकतचं काही आणू नका, किटमध्येच आहे. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात त्या स्प्रूचा बोटभर तुकडा घ्या. मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, दोन बोटांत फिरवत राहा. मध्ये चकाकी आली आणि तुकडा वाकू लागला की बाजूला काढा. इथे घाई करायची नाही. एक-दोन क्षण थांबा आणि मग दोन्ही हात लांब करत ओढा. हळू ओढलात तर जाड तार, झटक्यात ओढलात तर केसापेक्षा बारीक. पहिले दहा तुटतील. अकराव्यापासून हात बसतो.

हे पॉलिस्टायरीन. नायलॉनसारखं पाणी पीत नाही, म्हणून पावसाळा-उन्हाळा त्याला जवळपास सारखाच. तार डिव्हायडरने मोजून कापायची, टोकाला पांढऱ्या फेविकॉलचा कणभर ठिपका, चिमट्याने बसवायची. फेविक्विक नको, बसवताना सरकवायला वेळ मिळत नाही.

थोडी सैल राहिली तर पेटती उदबत्ती तारेच्या खाली सेंटिमीटरभर अंतरावरून सरकवत न्यायची. ओढलेलं प्लास्टिक उष्णतेने आखडतं. समोर तार सरळ होताना दिसते, अगदी बघण्यासारखी गंमत आहे. अंतर कमी झालं तर काय होतं तेही बघायला मिळतं.

शेपटीचा पांढरा थर म्हणजे बुरशी नव्हे. तुम्ही लॅकर फवारलात ना? थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतलं पाणी तिथेच जमतं आणि रंग दुधाळ होतो. पावसात फवारू नका. फवारलंच असेल तर त्यावर हळू उडणाऱ्या थिनरचा अगदी पातळ हात मारा, बहुतेक वेळा थर विरतो.

गणपतीची_शाळा (१२ जुलै, रात्री १०:०८)

एकसबहात्तर बरोबर सांगतायत. मी पेणला मूर्तींना रंग देतो, दरवर्षी ऐन आषाढात हीच लढाई. लाकडी पेटीत साधा पिवळा बल्ब लावून सुटे हात, उंदीर सुकवतो. तुमचं विमान तर त्याहून लहान. जुन्या कपाटात बल्ब लावा, दार किलकिलं ठेवा, रंगाआधी एक रात्र आणि नंतर एक रात्र.

एअरब्रश नसेल तर विसर्जनानंतर या. तेव्हा कंप्रेसर रिकामा असतो आणि मीही. आत्ता आलात तर हातात शाडू देईन.

जिलबीवाला (१२ जुलै, रात्री १०:१५)

उंदराच्या बाजूला कॅमल सुकतोय. नव्या युगाचं वाहन.

आजोळ_गुहागर (१३ जुलै, दुपारी ४:३०)

तारांचं झालं असेल तर मूळ विमानाबद्दल थोडं लिहू का? कॅमल हे नाव कुबडामुळे पडलं. पुढच्या दोन विकर्स मशीनगनच्या मागच्या भागावर पत्र्याचं झाकण होतं, ते उंटाच्या मदारीसारखं दिसे. मॉडेल करताना हा उंचवटा हलक्या हाताने घासा, बरेच जण तो सपाट करून टाकतात.

आणि त्याचं इंजिन! रोटरी. आपल्या गाडीत सिलिंडर जागच्या जागी आणि आतला दांडा फिरतो. इथे उलट, दांडा विमानाला पक्का आणि सगळी सिलिंडर पंख्यासकट गरगरा. एवढं वजन फिरत असल्यामुळे ते भोवऱ्यासारखं वागायचं. उजवीकडे वळलं की नाक खाली, डावीकडे वळलं की नाक वर. इंजिन, गन, टाकी आणि वैमानिक हे सगळं पुढच्या सात फुटांत कोंबलेलं, त्यामुळे उजवं वळण विजेसारखं. जुन्या हाताला ते वरदान, शिकाऊ पोरांचा मात्र त्याने जीव घेतला. शत्रूने मारले तेवढेच नव्हे, सरावात गेलेलेही पुष्कळ.

वंगण एरंडेलाचं. पेट्रोलमध्ये ते सहज मिसळत नाही म्हणून चालायचं. पण एकदा वापरलं की पुन्हा गोळा करायची सोय नाही, सगळं बाहेर फेकलं जायचं. वैमानिकाच्या तोंडावर, चष्म्यावर, नाकातोंडातून पोटात.

देवबागचो_रापणकार (१३ जुलै, सायंकाळी ५:०१)

म्हणजे लढाई सोडून आधी झाडी शोधूची!

निवृत्त_फिटर (१३ जुलै, सायंकाळी ६:२०)

आमच्या आईने दर सुट्टीत एरंडेल पाजून आम्हा चौघा भावंडांना लढाऊ वैमानिक करायचा प्रयत्न केला होता हे आज कळलं.

पण मूळ धाग्याला माझा विरोध आहे. कोकणात बसून लढाऊ विमानाचं मॉडेल करायचंच तर सी हॉक करा. आपल्या किनाऱ्याचं विमान. पहिल्या पिढीतलं जेट, मूळ नमुना २ सप्टेंबर १९४७ ला उडालेला. विक्रांतवर ३०० स्क्वॉड्रन, ‘व्हाइट टायगर्स’. ४ डिसेंबर १९७१ ला कॉक्स बझारवर यांनीच हल्ला केला. एकही तार नाही! गोव्यात बोगमाळ्याच्या वरच्या अंगाला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, तिथे उभं आहे. धुराडं शेपटीत नाही हे आवर्जून बघा. इंजिन एकच, पण धूर दोन फाट्यांनी पंखाच्या मुळामागे डावी-उजवीकडे निघतो. तिथला पत्रा कसा वळवलाय ते मॉडेलवाल्याने बोटाने चाचपावं असं आहे. अर्थात चाचपू देत नाहीत.

कातळशिल्प (१३ जुलै, रात्री ९:५०)

काका, सी हॉक यादीत टाकला. पण मला ओढ त्या लाकूड-कापडाचीच आहे. जेटचं पोट बंद असतं हो. कॅमल बघताना कळतं कुठली काठी कशाला टेकली आहे. आमच्या घराचा वासा-पाखाडी बघितल्यासारखं वाटतं.

बाकी तारांविना सुख हवं तर जर्मनांचा फॉकर ट्रायप्लेन करायचा विचार आहे. तीन पंख, पण तारा जवळपास नाहीतच. आणि लाल रंग!

एकसबहात्तर (१३ जुलै, रात्री १०:२२)

सगळे ट्रायप्लेन लाल नव्हते. ‘रेड बॅरन’ रिश्टहोफेन या जर्मन वैमानिकाने पाडलेल्या ८० विमानांपैकी साधारण १९ ट्रायप्लेनवरून, बाकी मुख्यतः अल्बाट्रॉस या दुपंखी विमानावरून. लाल ट्रायप्लेन करून झाला की अल्बाट्रॉस करायची शपथ घ्या, तरच परवानगी.

निवृत्त_फिटर (१४ जुलै, सकाळी ११:१०)

ट्रायप्लेन कोकणाला फारच शोभेल, कारण ते ओलीनेच पडलं होतं!

२९ ऑक्टोबर १९१७. गोंटरमान नावाचा नावाजलेला जर्मन वैमानिक कसरती करत होता, हवेतच पंख मोडला. दोन दिवसांनी पास्टर नावाच्या दुसऱ्याचं विमान सरळ उडताना तुटलं. २ नोव्हेंबरला सगळे ट्रायप्लेन जमिनीवर उभे केले. मोडके पंख उघडून पाहिले तर बांधणी कच्ची आणि आतल्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून काही केलेलंच नाही. पंखाच्या पोटात ओल धरली, फासळ्या सुटल्या. मग फॉकरला आतल्या दांड्यांना, फासळ्यांना नीट व्हार्निश लावायला लावलं आणि दुरुस्ती त्याच्याच खर्चाने करायला लावली.

हे वाचलं तेव्हा आमच्या माळ्यावरची पाटई डोळ्यांसमोर आली. वरून तकतकीत, मागून बोट लावलं तर भुसा. ओल नेहमी झाकलेल्या बाजूने येते. तुमच्या तारा तरी उघड्यावर लोंबल्या, दिसल्या.

आजोळ_गुहागर (१४ जुलै, दुपारी १२:००)

वा काका! वाचनखूण साठवली.

तेरेखोल (१४ जुलै, दुपारी ३:१५)

अवांतर: त्याच युद्धात काइझरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, एक बोट आपल्या समुद्रात येऊन गेली होती. ‘वुल्फ’. साध्या मालवाहू बोटीचं सोंग, पोटात सुरुंग. फेब्रुवारी १९१७ मध्ये तिने मुंबईसमोर सुरुंग पेरले आणि २३ जूनला ‘मंगोलिया’ ही मोठी प्रवासी आगबोट त्यातल्याच एकावर आदळून बुडाली. वुल्फवर टेहळणीसाठी पाण्यावर उतरणारं विमान होतं, फ्रीडरिशहाफेन एफएफ ३३, लाडाचं नाव ‘वुल्फशेन’, म्हणजे लांडग्याचं पिल्लू. लढाऊ म्हणता येणार नाही, पण दुपंखी आहे, तारा भरपूर आहेत, आणि शोकेसमध्ये ठेवून ‘हे आपल्याकडचं’ म्हणता येईल.

जिलबीवाला (१४ जुलै, दुपारी ३:४०)

धागा कॅमलवरून एरंडेलावर, एरंडेलावरून लांडग्यावर. पुढचा प्रतिसाद बिबट्याचा असावा ही विनंती.

आजोळ_गुहागर (१४ जुलै, रात्री ८:४५)

बिबट्या नाही, माणसं आणते. मॉडेल कुणाचं करायचं हे आधी ठरवा, मग रंग. हरदित सिंग मलिक २८ स्क्वॉड्रनमध्ये कॅमलच उडवत. पगडीवर बसेल असं खास मोठं हेल्मेट करून घेतलं होतं. २६ ऑक्टोबर १९१७ ला पायात गोळ्या लागूनही विमान आपल्या हद्दीत आणलं. पुढे राजदूत झाले. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय ४० स्क्वॉड्रनमध्ये एसई ५ए विमानावर. जुलै १९१८ मध्ये ६ ते १९ तारखेच्या आत १० विजय आणि २२ ला गेला. वय १९. आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर, २३ स्क्वॉड्रन, सॉपविथ डॉल्फिन. ३० जून १९१८ ला जखमांनी गेले, फ्रान्समध्येच पुरलेत. रॉयचं नाव निदान ऐकलेलं असतं, वेलिंगकरांचं मराठीत कुणी घेत नाही.

देवबागचो_रापणकार (१४ जुलै, रात्री ९:००)

वेलिंग फोंड्याकडचा गाव. म्हणजे आमचोच.

आजोळ_गुहागर (१४ जुलै, रात्री ९:१२)

आडनावावरून गाव काढू नका हो. मुंबईचे एवढंच नक्की. पण डॉल्फिन करायला छान आहे. वरचा पंख खालच्यापेक्षा मागे, आणि वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर. मान वर करून बसलेला माणूस.

कातळशिल्प (१५ जुलै, रात्री ९:३०)

मलिकांचा कॅमल. ठरलं. रंगाचं बोला. किटच्या कागदावर ‘पीसी १०’ आहे, कुणी हिरवा म्हणतं, कुणी चॉकलेटी.

एकसबहात्तर (१५ जुलै, रात्री १०:०५)

यावर माणसं अबोला धरतात. पीसी १० मध्ये मुळात पिवळी माती आणि काजळी, ती डोपमध्ये, म्हणजे पंखाचं कापड ताठ करणाऱ्या लेपात, कालवलेली. दोन्ही रंग हिरवे नाहीत, पण पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट झाक येते. वर व्हार्निश, ऊन, तेल, आणि मग तपकिरीकडे झुकतो.

गणपतीची_शाळा (१५ जुलै, रात्री १०:११)

म्हणजे शेणाने सारवलेलं अंगण. ताजं असताना हिरवट, वाळलं की तपकिरी. भांडण कशाला? अंगण कधी सारवलं ते विचारा.

एकसबहात्तर (१५ जुलै, रात्री १०:२०)

वीस वर्षं हा वाद वाचतोय. याहून नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. आणि खालची बाजू कोऱ्या मांजरपाटाची.

निवृत्त_फिटर (१६ जुलै, सकाळी ९:००)

एक राहिलं. सगळ्या तारा सारख्या ताणू नका. कॅमलला खालच्या अंगाने बाहेर वर जाणाऱ्या तारा दुहेरी आहेत, उडताना भार त्या घेतात. उलट्या तिरक्या जाणाऱ्या एकेरी, त्या जमिनीवर असताना पंख पेलतात. हवेत गेल्यावर त्यांचा ताण उतरतो. म्हणजे विमान छताला टांगणार असाल तर एकेरी तारा किंचित सैल राहिल्या तरी चालतील. शोकेसमध्ये चाकांवर ठेवणार असाल तर मात्र सबब नाही.

कातळशिल्प (२१ सप्टेंबर, रात्री ११:१८)

धागा वर आणतोय.

विसर्जन झालं आणि पेणला जाऊन आलो. शाळेत दोन दिवस राहिलो. रंग वाळलेल्या अंगणाचा दिला, शेपटीजवळ किंचित ताज्याचा. तंगूस सगळा कापून काढला, भोकं बुजवली. स्प्रूच्या तारा ओढल्या. दहा तुटतील म्हणाला होतात, माझ्या सव्वीस तुटल्या. दुहेरी तारांच्या चार जोड्या बसवायला तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या संध्याकाळी उदबत्ती. पहिल्या सहा तारा डोळ्यांसमोर सरळ झाल्या, घरच्यांना हाका मारून दाखवल्या. सातव्या तारेला मुलीने “बाबा, आरती कधी?” विचारलं, माझा हात हलला आणि तार गायब. नुसता वास.

ती उजव्या बाजूची एकेरी होती, म्हणून फिटर काकांचा सल्ला मानून विमान छताला टांगलं आहे. उजवीकडे वळताना, नाक खाली. तुटलेली बाजू भिंतीकडे.

देवबागचो_रापणकार (२२ सप्टेंबर, सकाळी ६:०४)

टांगलंस ता कशाक?

कातळशिल्प (२२ सप्टेंबर, सकाळी ७:३०)

तंगूसाला.

जिलबीवाला (२२ सप्टेंबर, सकाळी ७:३३)

पुढच्या जुलैत विमान जमिनीवर उतरलेलं दिसेल. फोटो टाका तोवर.